लाल बटणाची तार

"माझ्या मिक्सिंगमध्ये नको असलेला आवाज मुंगीचासुद्धा सापडायचा नाही!" असं बटणकाका चाळीस वर्षं छाती ठोकून सांगत आले होते. गाण्यात कोणता आवाज पुढे, कोणता मागे, हे त्यांनी ठरवायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

पण या खेपेला आला होता रॉक बँड आणि गाणारी होती त्यांचीच मुलगी, चिमणी. तीन वर्षांपूर्वी तिचं गाणं ऐकून काका म्हणाले होते, "पत्र्यावर गारा पडतायत!" त्या दिवशी ती घर सोडून गेली. आता बँडच्या आग्रहाने आली खरी, पण सगळ्यांसारखी तीही 'काका'च म्हणायची. सख्खी मुलगी! एकदा 'बाबा' म्हणाली असती, तर त्यांनी गाराही वाढवून दिल्या असत्या.

इकडे रोजची कटकट वेगळीच. गिटारवाला यायचा, "काका, गिटार वाढवा." तो वळला की ड्रमवाला, "काका, ड्रम दबतोय." दोघांचं ऐकलं असतं तर गाण्याची मारामारी झाली असती! म्हणून काकांनी टेबलाच्या कोपऱ्यात एक मोठं लाल बटण बसवलं होतं. त्याची तार कुठेच जात नव्हती. काका गंभीर चेहऱ्याने ते फिरवायचे.

"आता?"

"हां! आता कसं दणदणीत!"

शेवटचं गाणं मात्र अगदी हळू होतं. चिमणी एकटीच गाणार होती. माइकच्या दांड्याचा स्क्रू ढिला, म्हणून काका स्वतः जमिनीवर बसून दांडा धरून राहिले. तीन वर्षांत लेक इतकी जवळ आली नव्हती. दोन कडव्यांच्या मधे ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. पुटपुटणं कोण ऐकतंय!

पुढे अल्बम मास्टरिंगला, म्हणजे आवाजावर शेवटचा हात फिरवायला, दुसरीकडे गेला. काकांनी बजावलं होतं, "हळू ते हळूच राहू दे, तरच मोठं मोठं वाटतं." गिटारवाल्याने मात्र परस्पर फोन केला, "आमचा अल्बम सगळ्यांपेक्षा जोरात वाजला पाहिजे!" मग काय! मास्टरिंगवाल्याने मोठे आवाज दाबले, बारीक आवाज उचलले आणि सगळ्यांना एका उंचीवर आणून उभं केलं.

अल्बम परत आला त्या दुपारी सगळे काकांकडे ऐकायला बसले. शेवटचं गाणं लागलं. चिमणीचा श्वास वादळासारखा आला. खुर्ची करकरली ती दार मोडल्यासारखी. आणि मग ड्रमच्या तोडीचा काकांचा आवाज घुमला, "किती वाळलीस गं चिमणे! जेवतेस ना नीट? तुझ्या खोलीतला दिवा मी रोज लावतो..."

काकांनी झेप घेतली. घाईत हात पडला तो नेमका लाल बटणावर! गरागरा उलटं फिरवलं. आवाज तसूभर हलेना!

"...ये ना गं घरी!"

ड्रमवाला दचकला. "काका, बटण बिघडलं?"

गिटारवाला टेबलाखाली वाकला आणि तार हातात घेऊनच वर आला. "ही कुठेच जोडलेली नाही! म्हणजे दोन महिने माझी गिटार..."

"आणि माझा ड्रम?"

"तुझा ड्रम मुळातच जास्त होता!" काका ओरडले. मग त्यांचा आवाज खाली आला. "मी ते बोलणं पुसून टाकतो. आजच पुसतो."

"हात लावायचा नाही," चिमणी म्हणाली.

"अगं, लोक ऐकतील!"

"ऐकू देत, बाबा."

काकांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण पुन्हा लावून ऐकायला हे काही टेपवर नव्हतं.

चिमणीने डोळे पुसले आणि पिशवी खांद्याला लावली. "चला. सकाळपासून उपाशी आहे मी. घरी जेवायला काय आहे?"

काका आठवू लागले. घरी अर्धा शिळा पाव होता आणि एक सुरकुतलेलं सफरचंद. तीन वर्षं रोज 'जेवलीस का' म्हणून मनातल्या मनात विचारलं, पण ती 'नाही' म्हणाली तर काय, याचा विचारच केला नव्हता!

"चिमणे," ते हळूच म्हणाले, "दिवा मात्र नवा आहे."