मधुराबाईंची मोकळी गुहा

बाळांनो, नाकं पुसा आणि नीट बसा. ज्यांना मध्येच शू लागणार आहे त्यांनी आत्ताच जाऊन या.

एका जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी, एक गुहा होती. तिच्यात केसोबा अस्वल राहत असे. त्याची बायको मधुराबाई, दोन पिल्लं आणि केसोबाची आई ठकूआक्का हेही तिथंच राहत. गुहा चांगली ऐसपैस होती. पण ते कुणाला माहीत नव्हतं, कारण तिची जमीन कित्येक वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

केसोबाला काही टाकवत नसे. मध संपलेली पोळी, वारुळाची ढेकळं, सांबराचं गळून पडलेलं शिंग, सहलीला आलेल्या माणसांनी फेकलेले डबे, सगळं तो उचलून आणी. झाकण नसलेले डबे एका कोपऱ्यात होते आणि डबे नसलेली झाकणं दुसऱ्या कोपऱ्यात. मधलं अंतर पार करणं कुणालाच शक्य नव्हतं.

"लागतं कधीतरी," केसोबा म्हणे.

चैत्र तोंडावर आला होता. एके दिवशी धाकटं पिल्लू हरवलं. मधुराबाईने रान पालथं घातलं. नदीकाठी बसून रडली. शेवटी पिल्लू गुहेतच सापडलं. ठकूआक्का त्याच्यावर डोकं ठेवून झोपल्या होत्या.

"मला वाटलं उशी आहे," ठकूआक्का म्हणाल्या. "मधूनमधून हलत होती, पण हल्ली वस्तू चांगल्या मिळतात कुठे?"

मधुराबाईने पिल्लू ओढून बाहेर काढलं. ती तडक तळ्याकाठी गेली.

तळ्याकाठी धवलराव बगळ्यांचं शिबिर चालू होतं. शिबिराचं नाव 'मोकळं घर, मोकळं मन'. धवलराव पांढरेशुभ्र होते आणि एका पायावर उभे होते.

"दुसऱ्या पायाची मला गरज नाही," ते डोळे मिटून म्हणाले. "म्हणून मी तो आवरून ठेवला आहे."

सगळ्या श्रोत्यांच्या अंगावर काटा आला. साळिंदर तर आधीच तयारीत होतं.

"महाराज, आपलं स्वतःचं घर कसं आहे?" एका बेडकाने विचारलं.

"मला घर नाही," धवलराव म्हणाले. "त्यामुळे ते अतिशय स्वच्छ आहे."

टाळ्या पडल्या. तो बेडूक नंतर दिसला नाही. शिबिरात तेवढीच जागा मोकळी झाली.

मग धवलरावांनी उपाय सांगितला. घरातली एकेक वस्तू समोर घ्यायची. तिला प्रेमाने विचारायचं, 'तुझं इथे काय काम?' तिने पटेल असं उत्तर दिलं तर ठेवायची, नाही तर बाहेर. आता बाळांनो, वस्तू बोलत नाहीत. त्यामुळे हा उपाय फार गुणकारी आहे.

मधुराबाई घरी आली आणि तिने कंबर कसली. पोळी बाहेर गेली. ढेकळं बाहेर गेली. सांबराचं शिंग बाहेर जाताना केसोबाच्या पोटरीला लागलं.

"अगं, ते लागेल कधीतरी!"

"लागलं ना आत्ताच," मधुराबाई म्हणाली.

केसोबा भांडला नाही. तो बाहेर पडलेल्या वस्तू गुपचूप उचलायचा आणि टेकडीवरच्या एका ओस कपारीत नेऊन ठेवायचा. पाठीला रग लागली, पण मन शांत होतं.

होता होता गुहेची जमीन दिसली. ती काळ्याभोर गुळगुळीत दगडाची होती. मधुराबाई तिच्याकडे बघतच राहिली. या घरात लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदाच कशाच्या तरी प्रेमात पडली होती.

आता गुहेत फक्त ठकूआक्का उरल्या होत्या. त्या बरोबर मधोमध बसल्या होत्या.

मधुराबाई त्यांच्यासमोर उभी राहिली. विचारायचं नव्हतं तिला. पण हाताला सवय लागली होती आणि जिभेलाही.

"सासूबाई, तुमचं इथे काय काम?"

ठकूआक्कांनी सुनेकडे खालून वर पाहिलं.

"तुला नावं ठेवायचं," त्या म्हणाल्या. "मी गेल्यावर हे कोण करणार? या केसोबाच्याने होतंय का?"

उत्तर तसं पटण्यासारखं होतं. पण ठकूआक्का उठल्याच. उठताना गुडघ्यावर हात ठेवला, कुणी हात देतंय का ते पाहिलं, आणि कुणी दिला नाही तेव्हा तशाच टेकडी चढायला लागल्या. मधुराबाईला वाटलं, हाक मारावी. तेवढ्यात आजीच्या मागून दोन्ही पिल्लं चिखलाचे पाय घेऊन जमिनीवरून पळत गेली, आणि मधुराबाई हाक मारायची सोडून फडकं आणायला धावली.

मग केसोबाची पाळी आली.

"तुमचे केस गळतात हो सगळीकडे."

"मी अस्वल आहे, मधुरा."

"ते बाहेर व्हा ना."

केसोबा बाहेर गेला. थोडा वेळ दाराशी अस्वल होऊन बसला. मग तोही वर गेला.

मधुराबाई एकटी उरली. आधी तिला फार बरं वाटलं. ती हातपाय पसरून लोळली. या कुशीवरून त्या कुशीवर गेली, कुणी मध्ये आलं नाही. मग सवयीने म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

"ऐकलंत का?" गुहा म्हणाली.

मधुराबाई दचकली. इतकी वर्षं पसाऱ्यामुळे त्या गुहेला कधी बोलता आलं नव्हतं. आता ती सगळं उलट बोलत होती. मधुराबाईने ताटातलं निम्मं तसंच ठेवलं. पोळ्याचा मेण लागलेला तुकडा नेहमी कुणीतरी ओढून न्यायचं, आज तो तिलाच खावा लागला.

सकाळी धवलराव आले. बरोबर अख्खं शिबिर होतं. त्यांनी मान लांब करून चारही कोपरे पाहिले.

"अप्रतिम!" ते म्हणाले. "ताई, तुमची गुहा जवळजवळ पूर्ण झाली. आता एकच वस्तू उरली आहे."

"कुठे?" मधुराबाईने घाबरून आजूबाजूला पाहिलं.

धवलराव तिच्याकडेच बघत होते. मोठ्या प्रेमाने त्यांनी विचारलं, "तुमचं इथे काय काम?"

मधुराबाईने विचार केला. खूप विचार केला. मग म्हणाली, "काही नाही हो."

आणि ती बाहेर पडली. धवलरावांना वाटलं आपला उपाय लागू पडला. तो पडलाच होता. मधुराबाई टेकडी चढत होती, आणि चढता चढता धावत होती.

वरच्या कपारीत पाय ठेवायला जागा नव्हती. केसोबा ढेकळांवर बसला होता. पिल्लं डबे बडवत होती. ठकूआक्कांनी सुनेला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"सासूबाई," मधुराबाई खाली मान घालून म्हणाली, "माझं चुकलं."

"चुकलंच," ठकूआक्का म्हणाल्या. "जमीन पुसलीस ती आडवी. दगड नेहमी उभा पुसायचा."

असं म्हणून त्या थोड्या सरकल्या. कपारीत तेवढीच जागा होती. मधुराबाई तिथे शिरून बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. ठकूआक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि केस किती गळतात याबद्दल काय बोलायचं ते बोलून घेतलं.

पाडव्याला सगळे खाली आले. गुहेच्या दाराशी गुढी उभारली. आलेल्या-गेलेल्यांना बाहेरूनच आतलं दाखवलं. बायका हळहळल्या, नवरे गप्प राहिले. मग अस्वलं जेवायला वर गेली.

त्या वर्षात जंगलातल्या प्रत्येक घरात झाडलोट झाली. आता पायथ्याच्या सगळ्या गुहा, बिळं आणि ढोल्या आरशासारख्या लख्ख आहेत. वर टेकडीवर मात्र फार दाटी झाली आहे.

तात्पर्य : घर स्वच्छ ठेवणं मुळीच अवघड नाही. राहायला दुसरं बघा.