खुंट्यांना पाय फुटले

मसुदा लिहावा तर आमीच! ही फुशारकी नाही, आमच्या अख्ख्या कचेरीला माहीत असलेली गोष्ट आहे. साहेबांना काहीच म्हणायचं नसलं की ते मला बोलावतात आणि मी ते दोन पानांत म्हणून देतो. माझा मसुदा एकदा मंजूर झाला की तो मागं फिरवायची कुणाची टाप नाही. हे वाक्य मी मागच्या एप्रिलपर्यंत छाती फुगवून सांगायचो. आता जरा हळू आवाजात सांगतो.

मी सिद्धोधन. रोज चुडाव्याला गाडी धरून परभणीला नोकरीला जातो आणि दिवेलागणीला परत येतो. आमचं गाव चुडाव्याच्या पलीकडं आहे. पावसाळ्यात गावच्या पांदीच्या कच्च्या वाटेत मोटारसायकल रुतली की ती सोडून चालत यावं लागतं आणि उन्हाळा आला की ती काढायला जावं लागतं. तर अशा गावातून तीनशेच्या वेगाची रेल्वे जाणार असं ठरलं! थांबणार कुठं? आमच्याकडं तर नाहीच. म्हणजे गावाचा विकास इतक्या झपाट्यानं होणार होता की तो झालेला कुणाला दिसलाही नसता.

एप्रिलच्या शेवटी रेल्वेची मोजणीवाली माणसं आली. त्यांनी शिवारात लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या एका ओळीत ठोकल्या, झाडाखाली डबे खाल्ले आणि गेली. ती ओळ गेली ती नेमकी सरजाबाईच्या रानातून. सरजाबाई म्हणजे माझी आत्या. एक खुंटी तर थेट तिच्या हिरीच्या, म्हणजे विहिरीच्या, काठावर.

ही हीर म्हणजे साधी गोष्ट नाही. आत्यानं आणि तिच्या मालकानं ती स्वतःच्या हातानं खोदलेली. मालक खाली पहार मारायचे आणि आत्या वर माती ओढायची. एका उन्हाळ्यात आमच्या वस्तीला प्यायला घोटभर पाणी नव्हतं, तेव्हापासूनची ती हीर. मालक गेले, बैल गेले, पाणी काही गेलं नाही. आता मे महिन्यात सगळं गाव तिथं घागरी घेऊन येतं, आमची वस्ती काय आणि पाटलांची आळी काय. आत्या कुणाला नाही म्हणत नाही. फक्त चप्पल काढून काठावर या म्हणती.

मी गेलो तेव्हा ती खुंटीशेजारी उकिडवी बसली होती. रडत नव्हती. मला बघून म्हणली, "सिद्धू, तू कचेरीत हायस ना रं? मग ही हीर वाचीव."

आता माणसानं असं मागितल्यावर काय करावं? मी म्हणलं, आत्या, तू काळजीच करू नको, हे आपल्या डाव्या हातचं काम आहे.

आमच्या गावाची एक रीत तुमाला सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आमच्याकडं बांध ही चालती वस्तू आहे. दरसाली नांगरताना प्रत्येक जण शेजाऱ्याच्या बांधाची एक पट्टी सहज, आपली म्हणून कोरतो. शेजारी पण पलीकडच्याचं तेच करतो. बांधाचे दगड तर एवढे फिरलेत की काहींनी माझ्यापेक्षा जास्त गाव बघितलंय. आणि विचारलं की उत्तर ठरलेलं: म्हशीनं लोटला. आमच्या गावातल्या म्हशी, कोण जाणे कशा, दगड कायम मालकाच्या रानातून शेजाऱ्याच्या रानाकडंच लोटतात.

तर मी खुंट्या उपटल्या आणि आत्याच्या बांधापलीकडं, चंद्रभानच्या रानात ठोकल्या. चांगल्या भरदिवसा! चंद्रभानला काही कमी नाही, त्याला एवढी पट्टी गेलेली कळणार पण नाही, असा मी विचार केला. समाजकार्यात थोडं इकडंतिकडं चालतं.

पण मी कचेरीतला माणूस. खुंटी आज इकडं आली, उद्या साहेब परत तिकडं नेईल, हे मला कळत नाही का? त्यावर शिक्का पाहिजे. एक मेला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा असतीच. मी रात्रभर बसून—बरं, रात्रभर नाही, जेवणाआधी बसून—ठराव तयार केला. काय भाषा! 'सद्यःस्थितीत सदर मौजेच्या शिवारामध्ये ज्या ठिकाणी खुंट्या आहेत, त्याच मार्गास ही ग्रामसभा स्वखुशीने व एकमताने संमती देत असून, सदर मार्गात कोणताही बदल करू नये अशी आग्रहाची विनंती करीत आहे.' वाचताना माझे मलाच डोळे भरून आले.

ग्रामसभेत एक चमत्कार झाला. आमच्या गावात सभेला पाणी द्यायचं की चहा, यावर दोन तट पडतात. पण माझा ठराव वाचून झाला आणि सरपंच दिनकररावांनी विचारलं तर सगळे हात वर! पहिला हात चंद्रभानचा. मी मनात म्हणलं, बिचाऱ्यानं अजून रानात चक्कर मारलेली दिसत नाही. दुसरा हात खुद्द दिनकररावांचा. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट सगळे एकमेकांकडं बघून गालातल्या गालात हसायलते. मला वाटलं हा माझ्या भाषेचा परिणाम आहे. दिनकररावांनी तर माझ्या पाठीवर थाप मारली आणि हा ठराव आजच रेल्वेच्या मोठ्या कचेरीला पाठवा म्हणले. मी लगेच पाठवला. माझ्या मोबाईलवरून, माझ्या सहीनिशी, मसुदाकार म्हणून.

त्याच संध्याकाळी मी धम्मशीलाला, म्हणजे आमच्या मंडळींना घेऊन पाथरीला गेलो. तिच्या भाचीचं लग्न होतं. चार-पाच दिवस मी तिथं जावई म्हणून मिरवलो आणि दिसेल त्याला मी हीर कशी वाचवली ते सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर धम्मशीलाचा भाऊ उठून मंडपाचे बांबू मोजायला गेला.

परत आलो आणि घरासमोर जीपमधून उतरलो, तर धम्मशीला जागच्या जागी थांबली.

आमचं घर गावाच्या कडेला, शिवाराच्या शेवटी आहे. दोन वर्षं झाली बांधून. फरशीचा रंग धम्मशीलानं परभणीची तीन दुकानं पालथी घालून निवडलेला. पुढं ओसरी, ओसरीसमोर बोधीचं रोप. त्या रोपाच्या बाजूला खुंटी! एक मोरीपाशी. एक मागच्या अंगणात, दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या बनियनखाली. लाल चिंध्या वाऱ्यावर फडफडायलत्या.

धम्मशीलानं मला फक्त एवढंच विचारलं, "हेच का ते तुमचं समाजकार्य?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ठोकल्या त्याच दिवशी दुपारी चंद्रभानच्या म्हशीनं खुंट्या दिनकररावांच्या रानात लोटल्या होत्या. सभेच्या सकाळी दिनकररावांच्या म्हशीनं त्या पुढच्याकडं लोटल्या. दिनकररावांकडं म्हैसच नाही, ट्रॅक्टर आहे, पण ते असू द्या. सभेत हात वर करणाऱ्या प्रत्येकाला पक्कं माहीत होतं की खुंट्या आपल्यात नाहीत, असल्या तरी रात्रीतून पुढच्यात जातील. आणि सगळ्यात शेवटी कोण? आमी! आमच्या पलीकडं रस्ता आणि मग ओढा. आमी पाथरीला बुंदी खायलतो, त्यामुळं आमच्यातून खुंट्या ढकलणारं घरी कुणी नव्हतं.

मी पहिली खुंटी उपटायला वाकलो आणि तेवढ्यात पांढरी गाडी येऊन दारात उभी राहिली. रेल्वेच्या इंजिनिअर प्रियांका मॅडम. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, हातात तीन पायांचं यंत्र. मी वाकलेलाच होतो, त्यामुळं नमस्कार आपोआप झाला.

मी लगेच कबूल करून टाकलं. म्हणलं, मॅडम, ह्या खुंट्या इथल्या नाहीत, हलवलेल्या आहेत. त्या म्हणाल्या, हो, माहीत आहे, आम्हाला वरून उपग्रहातून दिसतं. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणलं, मग झालं तर, ह्या काढून टाकू, चहा घ्या.

चहा घेता घेता मॅडम फार आपुलकीनं बोलल्या. एवढ्या लांबच्या मार्गावर प्रत्येक गाव विरोध करायलंय, कुठं गाडीपुढं बायका झोपल्या, कुठं यंत्र उचलून नेलं. आणि अशात तुमचा ठराव आला. स्वखुशीनं, एकमतानं! मोठ्या साहेबांनी तो सभेत वाचून दाखवला म्हणे. भाषेचं तर फारच कौतुक झालं. आणि मग साहेबांनी ठरवलं, की एवढ्या शहाण्या गावाचा मान राखलाच पाहिजे. मूळ मार्ग बाजूला ठेवायचा आणि लोकांनी सुचवलेला घ्यायचा.

मी म्हणलं, पण ही रेष वाकडी आहे हो, हिच्यावरून बैलगाडीसुद्धा जायची नाही!

"ती आम्ही सरळ करून घेऊ," मॅडम हसल्या आणि यंत्रातून माझ्या घराकडं बघत म्हणाल्या, "दोन्ही टोकं धरली, तर मध्यरेषा तुमच्या हॉलमधून येते. टीव्हीच्या थोडी अलीकडून."

मी ठराव रद्द करायचा मार्ग विचारला. त्यांनी सांगितला, अगदी सोपा: परत ग्रामसभा घ्या, परत एकमत करा. मग मार्ग पहिल्या जागी जाईल.

त्याच आठवड्यात खास सभा बोलावली. मी घरोघर जाऊन आलो. प्रत्येकानं मला बसायला दिलं, वाईट वाटलं म्हणून सांगितलं आणि म्हशीचा विषय काढला. चंद्रभान तर माझा हात हातात घेऊन म्हणला, सिद्धोधनराव, जनावराला काय कळतंय, तुमी मनाला लावून घेऊ नका. सभा भरली. दिनकररावांनी विचारलं, ठराव रद्द करण्याच्या बाजूनं कोण? मागच्या वेळी जंगलासारखे वर आलेले हात, त्या दिवशी सगळे खिशात, पदरात, नाहीतर तंबाखू मळण्यात गुंतलेले.

एकच हात वर आला. बारका, सुरकुतलेला, चांदीचं कडं घातलेला. आत्याचा.

"लाईन माझ्यातूनच जाऊ द्या," ती म्हणली. "हीर म्या आन् मालकानं खांदली, तवा आमी तरणे होतो, आमचं काय जायलतं? ह्या लेकरानं नवं घर बांधलंय. त्याला बेघर करून मला पाणी गोड लागंल का?"

दिनकररावांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. चंद्रभान तंबाखू थुंकायच्या निमित्तानं बाहेर गेला तो आलाच नाही. पण मला माहीत होतं, आता दोन-चार हात लाजेखातर वर येणार आणि त्यांच्यामागं बाकीचेही. एकानं तर खिशातून काढायला सुरुवातपण केली होती.

मी उठलो आणि आत्याचा हात धरून खाली घेतला. जोर लावावा लागला, म्हातारीच्या हातात अजून पहार आहे. तिच्या कानात म्हणलं, आत्या, बस खाली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग मात्र पदर डोळ्याला लावला. मला पण भरून आलं, ते मी पाठीमागच्या भिंतीवरचा सूचनाफलक वाचून निभावून नेलं. घरी आल्यावर धम्मशीलानं कपाटावरची मोठी बॅग काढली, झटकली, आणि म्हणली की फरशी निघती का ते एका मिस्त्रीला विचारा, तेवढी तरी सोबत नेऊ.

तर लोकहो, सरकार लोकांचं ऐकत नाही असं कुणी म्हणलं, तर त्याला खुशाल माझ्याकडं पाठवा. फक्त जरा लवकर पाठवा. पत्ता बदलणार आहे.