झिपरूच्या पुळ्या आणि आबासाहेबांची चाचणी

एका जंगलात, बाळांनो, अस्वलांना केसांची लाज वाटू लागली. का, ते विचारू नका. मोठ्यांना लाज वाटायला कारण लागत नाही. माकडाने सलून काढलं, एवढं पुरे. नवरदेवाने हळदीआधी तिथे जाऊन बेंबीखालचं सगळं सफाचट करून घ्यायचं, अशी रीतच पडली.

झिपरू अस्वलाचं लग्न चांगुणेशी ठरलं होतं. चांगुणा त्याला मनापासून आवडायची. म्हणून तोही दातओठ खात वस्तऱ्याखाली बसला आणि गुळगुळीत होऊन घरी आला.

हळद तोंडावर आली आणि जांघेत लाल पुळ्या उठल्या. खाजू लागल्या, दुखू लागल्या. बिचाऱ्याचं पाऊल कधी वाकडं पडलं नव्हतं, तरी त्याला वाटलं, हा तसलाच आजार. तो मान खाली घालून सारस डॉक्टरीणबाईंकडे गेला.

बाईंनी भिंगातून पाहिलं.

"उलटा वस्तरा फिरवलाय मेल्याने. केस बाहेर यायचे ते वळून कातडीतच शिरलेत. हा बघ, पुळीच्या मधोमध वेटोळं दिसतंय. गरम पाण्याने शेक, टोकरू नकोस, आणि वस्तरा बंद."

"म्हणजे ते नाही ना, बाई?"

"वाटत नाही. पण नुसत्या नजरेवर मी पैज लावत नाही. रक्त दे."

रक्त स्वच्छ निघालं. झिपरूला रडूच आलं.

पण दवाखान्यातून बाहेर पडताना त्याला कावळ्याने पाहिलं. झालं. संध्याकाळी पंचायत बसली.

पंचायतीचे प्रमुख आबासाहेब. वजनदार, विधुर अस्वल. त्यांची चाचणी सोपी होती. पुळी दाबायची. पाप असेल तर दुखणार, नसेल तर नाही. त्यांनी दाबली आणि झिपरू कळवळला.

"बघा," आबासाहेब म्हणाले. "मलाही मध्ये एक फोड आला होता. दाब दाब दाबला, दुखेना. आपोआप गेला. शुद्ध देहाचं असं असतं."

"आबासाहेब, न दुखणारा फोडच आधी दाखवायचा असतो," झिपरूच्या रक्ताचा कागद घेऊन आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फोड जातो, आजार आत राहतो. तुमचंही रक्त द्या."

"आमचं रक्त?" आबासाहेब हसले. मग पंचायत हसली.

झिपरूचं लग्न मोडलं आणि त्याला वेशीबाहेर काढलं. आता पोरीचं कसं होणार, म्हणून चांगुणेचा बाप रडू लागला. तेव्हा आबासाहेबांनी मोठ्या मनाने स्वतःच बाशिंग बांधलं.

वेशीबाहेर झिपरूने शेक घेतला. पुळ्या गेल्या, केस वाढले. चांगुणा मात्र काही केल्या मनातून जाईना.

काही महिन्यांनी ती त्याला ओढ्यावर भेटली. तिच्या तळव्यांवर तांबूस डाग होते.

"दुखतात का गं?"

"नाही रे. म्हणून तर सासरी सगळे खूश आहेत."

न दुखणारंच आधी दाखवायचं, हे बाईंचं बोलणं झिपरूला आठवलं. तो तिला तसाच बाईंकडे घेऊन गेला. रक्तात आजार निघाला.

"वेळेवर आलीस. इंजेक्शनने बरा होतो," बाई म्हणाल्या. "नवऱ्यालाही पाठव. आणि हे त्याच्याकडूनच आलंय, हे ध्यानात ठेव."

सुई टोचताना चांगुणा विव्हळली. खिडकीत कावळा होताच.

"हिला दुखलं," त्याने पंचायतीत सांगितलं. एवढा पुरावा बास होता. चांगुणेलाही वेशीबाहेर काढलं. आबासाहेबांनी डोळ्याला उपरणं लावलं. "मी फसलो हो," ते म्हणाले, आणि नवीन स्थळ पाहायचं म्हणून सलूनात जाऊन बसले.

आता वेशीबाहेर दोन केसाळ, निरोगी अस्वलं एकत्र राहतात. वेशीच्या आत सगळे शुद्ध आहेत. कुणाला काहीसुद्धा दुखत नाही.

तात्पर्य: बाळांनो, नको तिथे काही उठलं तर चुकूनही डॉक्टरकडे जाऊ नका. तिथे आजार बरा होतो, आणि बरं झालेल्याला आपल्यात कुणी ठेवून घेत नाही.