डाव्या अंगाची चापट

सटवाजीरावांच्या कॉम्प्युटरला चालू व्हायला चापट लागायची, आणि ती चापट त्यांच्या बायकोला, कस्तुराबाईंनाच जमायची. डाव्या अंगाला, बुडापासून चार बोटं वर, ना जोरात ना हळू. त्या जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून सटवाजीराव रोज सकाळी कॉम्प्युटरच्या डब्याला इकडून तिकडून थोपटत बसायचे, आणि डबा त्याला वाटेल तेव्हा चालू व्हायचा. सून उज्वला स्वयंपाकघरातून म्हणायची, "मामा, म्हशीला बी इतकं थोपटत न्हाईत."

"म्हस दूध तरी देती," सटवाजीराव म्हणायचे.

निलंग्यात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं काम चालायचं. अर्ज, भाडेकरार, गावजेवणाची पत्रकं. मुलाने, आदिनाथने, लातूरहून लॅपटॉप पाठवला होता, त्यावर उज्वला मालिका बघायची. सटवाजीरावांचा जीव जुन्या डब्यात होता. आत पेंटियम फोर प्रोसेसर, बाहेर त्याचा निळा स्टिकर. तो स्टिकर ते रोज धोतराच्या सोग्याने पुसायचे.

डब्याचे दोन नियम होते, दोन्ही कस्तुराबाईंनी घालून दिलेले. एक, मशीन चालू करताना हात जोडायचे आणि विंडोजची धून वाजेपर्यंत डोळे मिटून ठेवायचे. पोट भरणाऱ्या मशीनीपुढं डोळे वटारून बसू नये, असं त्या म्हणायच्या. दुसरा, खंडेनवमीला पूजा झाली की त्या मशीनीच्या पाठीला लाल नाडा बांधायच्या. तो पुढच्या खंडेनवमीपर्यंत सोडायचा नाही, म्हणजेच डबा उघडायचा नाही. त्यांनी बांधलेला शेवटचा नाडा अजून होता. लालाचा गुलाबी झाला होता, पण सटवाजीरावांनी त्याला हात लावला नव्हता.

आणि या सगळ्यात उणं काढायला गावात खाजामियाँ होते.

खाजामियाँचं बसस्टँडजवळ लग्नपत्रिका छापायचं दुकान. त्यांच्याकडेही तितकाच जुना डबा, पण आत एथलॉन प्रोसेसर. दोघं एका शाळेतले, एका वयाचे. रोज संध्याकाळी मलप्पाच्या हॉटेलात चहाला बसायचे आणि प्रोसेसरवरून भांडायचे. मलप्पा कर्नाटकातून येऊन इथे स्थायिक झालेला. त्याला दोन्ही प्रोसेसर बघायला मिळाले नव्हते, पण ऐकून ऐकून पाठ झाले होते.

सटवाजीराव म्हणायचे की आपला एका सेकंदाला दोनशे चाळीस कोटी ठोके टाकतो आणि खाजाचा दोनशे कोटी. वर नाव मात्र चोवीसशे लावून हिंडतो. ठोके कमी आणि नाव मोठं, हे पाटलाच्या जावयासारखं झालं.

खाजामियाँ बशीत चहा ओतत सांगायचे, "ठोक्यावर नक्को जाऊ, भाई. तुझ्या पेंटियममधे काम वीस जणांच्या रांगेतून जातं. विटा पास करतेत ना, तसं. माझ्यात निम्मीच माणसं. आता मधीच कळलं का चुकीची वीट आली, का तुझी सगळी रांग रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून. माझी लौकर भरती."

"रांग लांब असली का एकेकाला कमी वाकावं लागतं. म्हणून हात झपाझप चालतेत."

"झपाझप चालतेत आणि घामाघूम होतेत. म्हणून तर तुझा पंखा चक्कीवानी वरडतो."

"साकु, साकु," मलप्पा म्हणायचा. म्हणजे पुरे. पण पुरे कधी व्हायचं नाही.

हे वरवरचं भांडण. सटवाजीरावांच्या पोटात खरं दुखायचं ते वेगळंच. कस्तुराबाई अधूनमधून खाजामियाँच्या दुकानात जायच्या, हातात जेवणाचा डबा घेऊन. सटवाजीरावांनी एकदा एसटीच्या खिडकीतून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. घरी विचारलं तर म्हणाल्या, खाजाभाऊच्या घरच्यांना धपाटे आवडतेत. आणि पुढे म्हणाल्या, "त्यांचं मशीन बघा, कसं फुलावानी चालतंय."

हे वाक्य सटवाजीरावांना बोराच्या काट्यासारखं रुतलं. बायकोने परक्याच्या पोराचं कौतुक करावं, परक्याच्या बैलाचं करावं. पण परक्याच्या मशीनीचं? तेही पेंटियमसमोर बसून? कस्तुराबाई गेल्या, पण काटा तिथेच राहिला. आता विचारायचं तरी कुणाला?

यंदाच्या खंडेनवमीच्या आधी मलप्पाने तोडगा काढला. पूजेच्या दिवशी दोन्ही डबे हॉटेलात आणायचे. खाजामियाँच्याच दुकानातली, फोटोंनी खच्चून भरलेली एक मोठी पत्रिका दोन्हींवर उघडायची. भिंतीवरचा टीव्ही एकच, म्हणून आधी एकाचं मशीन लावायचं, मग दुसऱ्याचं. घड्याळ मलप्पाच्या हातात. जो हरेल त्याने या हॉटेलात पुन्हा प्रोसेसरचं नाव काढायचं नाही.

सटवाजीराव लगेच हो म्हणाले. खाजामियाँचा चेहरा मात्र उतरला. आधी म्हणाले मशीन जुनं आहे, हलवलं तर बिघडेल. मग म्हणाले कंबर दुखते. मग म्हणाले आपण दोस्त आहोत, दोस्तांत पैज बरी नाही.

"भ्यालास," सटवाजीराव म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांना चहा गोड लागला.

आदल्या दिवशी दुपारी खाजामियाँ घरी आले. हातात स्क्रू ड्रायव्हर. म्हणाले, एकदा मशीन बघून देतो, धूळ बसली असेल, पैज बरोबरीची व्हायला पाहिजे. सटवाजीरावांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, आणि मशीनीच्या व त्यांच्या मधे खुर्ची टाकून स्वतः बसले.

"फक्त पाच मिंटं दे," खाजामियाँ म्हणाले.

"कशाला? काय काढून न्यायचंय आतलं?"

"काढून न्यायचं न्हाई रे भाई. तुझ्याच भल्यासाठी सांगून राहिलो."

"माझं भलं तू कवापासून करायलास?"

खाजामियाँनी नाड्याकडे बघितलं, भिंतीवरच्या कस्तुराबाईंच्या फोटोकडे बघितलं, आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून निघाले. सटवाजीरावांनी त्या दिवशी पुढच्या खोलीत बाज टाकली आणि डब्याला हात लावूनच झोपले. गडी घात करायला आला होता, यात त्यांना शंका नव्हती.

खंडेनवमीला मलप्पाचं हॉटेल झेंडूच्या माळांनी भरलं होतं. भट्टीला, कढईला, चिमट्यालाही कुंकू लागलं होतं. गिऱ्हाईकं बाकांवर दाटीवाटीने बसली. सटवाजीरावांनी मशीन रिक्षातून आणलं, मांडीवर घेऊन, लेकराला आणावं तसं. टीव्हीची वायर जोडली, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. वर थोपटलं, मागे थोपटलं. मलप्पा म्हणाला, हळू, टेबल माझं आहे. कुणीतरी मागून विचारलं की पेंटियम उपवासाला आहे का. सटवाजीरावांच्या कानशिलावरून घाम ओघळला. न खेळताच हरायची वेळ आली होती.

तेव्हा खाजामियाँ उठले. कुणाला काही न विचारता टेबलाजवळ आले आणि डब्याला एक चापट मारली. डाव्या अंगाला, बुडापासून चार बोटं वर. ना जोरात ना हळू.

पंखा फिरला.

सगळे हसले. सटवाजीराव हसले नाहीत. ती चापट त्यांना दीड वर्षात सापडली नव्हती. ती कस्तुराबाईंची चापट होती, अगदी हात मागे घ्यायची पद्धतसुद्धा. ह्याला कुठून आली? पण मशीन चालू झालं होतं आणि नियम म्हणजे नियम. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

घरचा जुना जाडा मॉनिटर पेटायलाच वेळ घ्यायचा. मलप्पाचा टीव्ही चटकन उजळला आणि मशीन चालू होतानाचं पहिलं पान त्यावर आलं. मलप्पाला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण मोठी अक्षरं जुळवून वाचायची त्याला हौस होती.

"ए," मलप्पा वाचू लागला. "एम. डी. पुढं हाय... ए, टी... एथलॉन." तो थांबला. "सटवाजीराव, एथलॉन खाजामियाँचा ना? आधी तुमचं लावायचं ठरलं होतं."

"माझंच लावलंय," सटवाजीराव डोळे मिटूनच म्हणाले.

कढईत भजी तेवढी तडतडत होती. सटवाजीरावांनी डोळे उघडले तेव्हा पहिलं पान निघून गेलं होतं. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. चापट खाजामियाँनीच मारली. आणि सटवाजीरावांनी कितीतरी वर्षांत पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी आपलं मशीन जागं होताना बघितलं. एथलॉन. चोवीसशे. पाटलाचा जावई त्यांच्याच घरात राहत होता.

"तुझं लाव," ते खाजामियाँना म्हणाले.

"राहू दे ना, भाई."

"लाव म्हणतो ना."

खाजामियाँनी आपलं मशीन जोडलं. टीव्हीवर पहिली ओळ आली. मलप्पाने या खेपेला वाचून दाखवलं नाही. पेंटियम फोर एवढं सगळ्यांना वाचता येत होतं.

मग खाजामियाँ बाकावर बसले आणि खाली बघत बोलले. खूप वर्षांपूर्वीची खंडेनवमी होती. सटवाजीराव माहूरला देवीला गेले होते. इकडे कस्तुराबाईंनी मशीनीची पूजा केली. बंद मशीनीची काय पूजा करायची म्हणून ते चालू ठेवलं आणि पुढ्यात नारळ फोडला. पाणी उडालं ते नेमकं जाळीतून आत. एक ठिणगी, आणि पेंटियम गप्प.

"भाबी रडत दुकानात आल्या. म्हणल्या, मालकांनी पोटाला चिमटा घेऊन मशीन घेतलं, ते माहूरहून यायच्या आत चालू करा. आता प्रोसेसर ज्यावर बसतो तो नवा बोर्ड मी कुठून आणू, लातूर बी बंद. मग माझाच काढला आणि तुझ्या डब्यात बसवला. तुझी हार्ड डिस्क तीच ठेवली, सगळं नव्यानं भरलं. तुझा बोर्ड उन्हात वाळवला, तर आठ दिवसांनी तो जित्ता झाला. तो माझ्यात टाकला."

"मग परत का न्हाई बदललं?"

"बदलणारच होतो. तर तू माहूरहून आलास आणि ह्याच बाकावर बसून सांगितलंस, देवीची कृपा झाली, पेंटियम दुप्पट पळायला लागला. पेढे वाटलेस. मलप्पाला विचार."

"वाटले होते," मलप्पा म्हणाला. "कंदी."

कस्तुराबाई म्हणाल्या होत्या, आता राहू द्या, मालक लई खुशीत आहेत. पहिल्या पानावर नाव दिसतं, म्हणून डोळे मिटायचा नियम निघाला. कुणी डबा उघडू नये, म्हणून नाडा. कॉम्प्युटरची माहिती उघडली की आत नाव दिसायचं, त्यासाठी खाजामियाँनी एक छोटी फाईल टाकली होती. मशीन चालू झालं की ती आपोआप एथलॉन पुसून पेंटियम लिहायची. बसवताना रॅमची खाच थोडी सैल झाली. म्हणून ती चापट, खाजामियाँनीच कस्तुराबाईंना शिकवलेली. सटवाजीराव लातूरला गेले की निरोप यायचा आणि खाजामियाँ येऊन मशीन साफ करून जायचे.

"ती म्हणायची, खाजाभाऊचं मशीन फुलावानी चालतंय," सटवाजीराव सावकाश म्हणाले.

"तुझ्याच घरातल्या मशीनीचं कौतुक करायच्या त्या. आणि माझा जीव किती जळला असंल, त्याचा विचार केलास का? माझा एथलॉन तुझ्या घरात. मी तुझ्या पेंटियमवर बसून पेंटियमला शिव्या घालून राहिलो. तेच्यायला, चांगला चालतो रे तो."

बाकावरचं कुणीतरी विचारू लागलं की मग जिंकलं कोण. मलप्पाने घड्याळ खिशात घातलं.

खाजामियाँनी स्क्रू ड्रायव्हर काढला. आता लपवायचं काही राहिलं नाही, ज्याचं त्याला परत करू म्हणाले. त्यांचा हात नाड्याकडे गेला तसा सटवाजीरावांनी तो धरला.

"राहू दे."

"तुझा पेंटियम नक्को तुला?"

"नाडा तिनं बांधलाय."

खाजामियाँनी हात मागे घेतला. मलप्पाने न सांगता चहा आणून ठेवला. सटवाजीरावांनी बशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. पोटातला काटा निघाला होता, पण जागा अजून ठणकत होती.

"एवढं सगळं करायचास, तर घेत काय होतास?"

"भाबीकडून पैसे घेईन का मी? धपाटे द्यायच्या."

"किती?"

"डबाभर."

"लसणाची चटणी?"

"हौ. दही बी."

"तेल लावून भाजलेले?"

"चांगलं दोन्ही अंगानं."

सटवाजीरावांचा चेहरा काळवंडला. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितल्यापासून त्यांच्या ताटात कोरडी भाकरी पडत होती. धपाटे मागितले की कस्तुराबाई म्हणायच्या, तेल तुमच्या जीवाला चांगलं न्हाई. प्रोसेसर गेला ते त्यांनी पचवलं होतं. हे पचेना. चहा तसाच टाकून ते रिक्षा बघायला उठले.

घरी येऊन त्यांनी मशीन जागेवर ठेवलं. फोटोपुढे जरा वेळ उभे राहिले. मग स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"उज्वला, उद्या धपाटे कर. तेल लावून. डबाभर."

"मामा, डॉक्टरांनी..."

"मला न्हाई. खाजाला द्यायचेत. मशीन साफ करायला यायचाय तो." आणि थोडं थांबून म्हणाले, "डबा मी स्वतः घेऊन जाणार हाय. रस्त्यानं दोनचार कमी झाले तर त्याला काय कळतंय."

उज्वला फोटोकडे बघून हसली आणि पिठाचा डबा खाली काढला.

सटवाजीराव खुर्चीवर बसले. बटण दाबलं. डाव्या अंगाला, बुडापासून चार बोटं वर, खाजाने मारली तशी चापट मारली. पंखा फिरला. आता पहिल्या पानावर काय नाव येतं ते त्यांना ठाऊक होतं, बघायला काही हरकत नव्हती.

त्यांनी हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले.