दोन्ही प्रकारांच्या टोवेची खुर्ची

रोग माणसाला एकट्याला होतो, पण तो अंगवळणी पडायला मंडळ लागतं. डेन्मार्कात तर तीन माणसं जमली की चौथा येतो तो अध्यक्ष म्हणूनच. लिमफ्योर्डच्या काठच्या एका गावात हर्पीस स्नेहमंडळ होतं. पहिल्या प्रकाराची शाखा (ओठांवरचा) खिडकीकडे बसे, दुसऱ्या प्रकाराची (जागा कार्यवृत्तात नमूद नाही) दाराकडे. पहिल्यांचा रोग आजीच्या मुक्यातून आलेला, म्हणून घरंदाज. दुसऱ्यांनी निदान त्यासाठी काही केलं तरी होतं. नाताळच्या जेवणाला शेजारी बसायला बंदी (नियम चौदा). हेरिंग मासा मात्र एकाच बरणीतून.

टोवे स्कोव्हगोर, निवृत्त ग्रंथपाल, एकोणीस वर्षं खिडकीकडे बसत होती. त्यातली अकरा वर्षं दाराकडच्या स्वेन सुताराची मान न्याहाळण्यात गेली. एकदा तरी त्याच्या शेजारी बसून जेवावं, एवढंच तिचं मागणं. यंदा तिच्या रक्तात दोन्ही प्रकार निघाले आणि ती हरखली. (डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'रुग्णास धक्का' असं नोंदवलं.)

"यंदा मी दाराकडे बसणार," तिने अध्यक्ष ऐगिलला सांगितलं.

"अगं टोवे, उद्या तू दोन मतं मागशील."

"मत ठेव तुझ्याकडे. मला खुर्ची हवी."

"नियमात तशी सोय नाही."

"येऊ दे की तिला, ऐगिल," स्वेन मागून म्हणाला. "अकरा वर्षं भिंत बघून जेवतोय मी."

समिती चारदा बसली. उभयप्रकारांची तिसरी शाखा निघाली: स्वतंत्र टेबल, एक खुर्ची, एक रुमाल. शाखा शुद्ध राहाव्यात म्हणून सर्व चाळीस सभासदांची रक्ततपासणीही ठरली.

एकतीस जणांत दोन्ही निघाले, स्वेन धरून. आठ जणांत एकेक. ऐगिलमध्ये काहीच नाही. बिचारा तीस वर्षं थंडीने फुटलेल्या ओठांवर अध्यक्षपद सांभाळत होता.

नाताळला टोवे स्वेनला खेटून बसली. (टेबल एकाचंच असल्याने इलाज नव्हता.) ऐगिल दारात टोपी चुरगाळत उभा.

"ह्याला काहीतरी शाखा द्या रे," टोवे म्हणाली, "जेवण उतरत नाही ह्याच्याकडे बघून."

म्हणून कधीच तपासणी न केलेल्यांची चौथी शाखा स्थापन झाली. ऐगिल तहहयात अध्यक्ष (तपासणी झालेला तेवढा एकच). अर्ज लागत नाही, देशाची अट नाही. ओठावर उठलेलं ते उष्णतेचंच, असं ज्याला ठाऊक आहे तो आपोआप सभासद. यादीत आपलंही नाव आहे. बसायची बाजू कळवावी.