विळ्याची उलटी धार

चिकलठाण्याच्या कारखान्यातून एक्क्याण्णव साली रिटायर झाल्यावर पुंजारामनं फक्त एक हातोडी दुरुस्त करायची ठरवली होती. दांडा हलत होता, एवढंच.

एकतीस वर्षं तो तिथं टूल स्टोअरला क्लार्क होता. खिडकीतून कामगारांना पाना द्यायचा, कानस द्यायची, परत आलं की फडक्यानं पुसून जागेवर लावायचं. कुठलं हत्यार कशाला लागतं, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं. चालवायचं मात्र कधी त्याच्या नशिबी आलं नाही. (नशिबी म्हणजे, कोणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.) निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली आणि बाद झालेल्या हत्यारांच्या पोत्याकडे बोट दाखवून, घेऊन जा, तुझीच लेकरं आहेत, असं म्हणाले. साहेबांनी गंमत केली होती. पुंजारामनं पोतं उचललं, सिटी बसमध्ये टाकलं आणि शहराच्या त्या टोकाकडून या टोकाला, पडेगावला आणलं.

हातोडीला त्यानं बाभळीचा दांडा घातला, पाचर ठोकली. दांडा घट्ट बसला. या एका दांड्यानं पुढचं सगळं रामायण घडवलं. कारण पुंजारामला वाटलं, आपल्या हातात कला आहे आणि सरकारी टायमिंगपायी ती आजवर दबून राहिली. (कारखाना खाजगी होता, पण कोणाला तरी दोष द्यायला हवा होता.)

मग अंगणात दुकान मांडलं गेलं. गंजलेले पाने चिंचेच्या पाण्यात भिजले. पातेलं दुधाचं होतं. झिजलेली कानस चार दिवस दगडावर घासून तिची सुरी झाली. ती कोथिंबीर कापायची, पण कोथिंबिरीची तयारी असली तरच. तुटक्या करवतीच्या पात्याचं त्यानं उलथनं केलं, तेव्हापासून घरातल्या भाकरीला कडेनं दातांच्या खुणा दिसू लागल्या.

सरूबाई म्हणजे त्याची बायको. तिच्यामागं दीड एकर गहू, एक म्हैस आणि आता दिवसभर घरी असलेला नवरा, एवढं होतं. दमलेलं माणूस भांडण निवडून करतं. तिनं दुधासाठी दुसरं पातेलं काढलं आणि शेतात गेली.

पंधरा दिवसांत पोतं रिकामं झालं. हात मात्र थांबायला तयार नव्हते. पुंजारामची नजर घरात फिरू लागली आणि दाराच्या चौकटीवर खोवलेल्या सरूबाईच्या विळ्यावर थांबली. पातं झिजून चंद्रकोरीसारखं झालेलं, मूठ एका अंगानं पार खोलगट. दोन दिवसांवर गव्हाची सोंगणी आली होती. पुंजारामच्या मनात माया दाटली. ही बाई असल्या हत्यारानं राबते आणि आपण तिच्यासाठी कधी काय केलं?

धारेच्या कामात रिस्क नको म्हणून तो विळा घेऊन शहागंजला गेला. तिथं एक म्हातारे चाचा सायकलच्या चाकावर दगड फिरवून धार लावायचे. त्यांनी विळा उलटासुलटा करून पाहिला, पात्यावर अंगठा फिरवला आणि परत दिला.

"ये उलटा है, भाई."

"तेच म्हणतो मी. सुलटा करा."

"अरे, जिसका है उसकू पूछे क्या?"

"आमच्या घरचाच हाय," पुंजाराम म्हणाला. वर त्यानं हेही सांगितलं की आपण एकतीस वर्षं हत्यारांत काढलीत. यावर चाचांनी एक लांब श्वास सोडला आणि चाक फिरवलं. एका बाजूची धार मोडून दुसऱ्या बाजूनं नवी काढली. पुंजारामनं घरी येऊन खोलगट मूठ फेकली, नवी गुळगुळीत गोल मूठ बसवली, वर तेलाचा हात दिला. विळा असा चमकत होता की त्यात तोंड दिसावं.

सोंगणीच्या दिवशी सरूबाईनं तो हातात घेतला, क्षणभर थबकली, पण बाया रस्त्यावर हाका मारत होत्या. ती तशीच गेली.

रोज दिवस मावळता येणारी सरूबाई त्या दिवशी दुपारीच परत आली. पुंजाराम शाबासकीच्या तयारीनं बाजेवर बसला होता. तिनं विळा त्याच्यासमोर ठेवला. डाव्या हाताच्या तळव्यावर दोन फोड फुटलेले होते, करंगळीला चिंधी बांधलेली. सगळ्या बाया पुढं निघून गेल्या, तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, तेवढी मागं राहिली, असं तिनं सांगितलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता. चढला असता तर पुंजारामला बरं वाटलं असतं.

"धार चांगली लावलीय की," तो म्हणाला.

"उजव्या हाताची लावलीय. मी डावरी हाय."

पुंजारामनं तिच्याकडे बघितलं.

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून," सरूबाई म्हणाली आणि घोटभर पाणी प्यायली.

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. जेवताना, वाढताना, कुंकू लावताना ती उजवा हात वापरायची. लहानपणी मार खाऊन तेवढं शिकली होती. कामाला मात्र डावाच. त्या हातासाठी तिच्या आईनं लग्नात हा विळा मुद्दाम घडवून घेतला होता. आई जाऊन वीस वर्षं झाली. मुठीतला तो खोलगा सरूबाईच्या अंगठ्यानं पाडला होता आणि पुंजारामनं तो भंगार समजून उकिरड्यावर टाकला होता.

तो उठला आणि उकिरडा उपसू लागला. मूठ सापडली, चिरलेली. दोन दिवस त्यानं दगडावर धार परत फिरवायचा प्रयत्न केला, तर विळा दोन्हीकडून बोथट झाला. शेवटी तो पुन्हा चाचांकडे गेला. गेलेलं लोखंड माघारी येत नाही, असं सांगून चाचांनी कशीबशी एक धार काढून दिली. उजवीच. तेवढंच पातं उरलं होतं.

मग पुंजाराम बायकोला घेऊन दौलताबादच्या लोहाराकडे गेला. लोहारानं तिचा डावा हात हातात घेऊन बोटं मापली, पकड बघितली. पुंजाराम शेजारी उभा राहून तो हात नीट बघत होता. इतके घट्टे होते, आणि एकही त्याच्या ओळखीचा नव्हता. चिरलेली मूठ लोहारानं तार गुंडाळून नव्या पात्याला बसवून दिली. सरूबाईनं ती पकडली, अंगठा खोलग्यात गेला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला.

परतताना बसमध्ये तिनं पिशवीतला जुना विळा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

"आता ह्यो उजव्या हाताचा झालाय. घरात उजवं माणूस एकच हाय. उद्या सहाला निघायचं."

दुसऱ्या दिवशी पुंजाराम गव्हात वाकला. सकाळची उन्हं अजून कोवळी होती, तरी त्याची कंबर धरली. सरूबाईची चौथी पात संपली तेव्हा त्याची पहिली निम्मी झाली होती, आणि तीही एखाद्यानं गव्हाचे केस ओढून काढावेत तशी. सोबतच्या बाया बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. अखेर आक्काबाई नावाच्या म्हातारीला राहवलं नाही. तिनं सरूबाईला आस्थेनं विचारलं,

"बाई, तुझा मालक बी डावरा हाय का गं?"

सरूबाई कंबर सरळ करून उभी राहिली. पदरानं घाम पुसत तिनं नवऱ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं.

"ठावं नाय," ती म्हणाली. "काम करताना कधी बघितलंच नाय."