सरळ जबडा

हसरेसाहेब दवाखान्यातून घरी आले, तेव्हा बायकोने दारातच त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "आलात? नळ आत आहे."

हसरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खालचा जबडा जन्मापासून डावीकडे सरकलेला, त्यामुळे तोंड कायम हसल्यासारखं दिसे. असा माणूस वरिष्ठांनी नेमका वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर बसवलेला. "आमच्या घरात अंधार आणि तुम्ही दात काढताय?" म्हणत लोक अंगावर येत. पुढे दात खरोखरच काढावे लागले. वाकडं चावून चावून एका बाजूच्या दाढा गेल्या, घास चावेना. मग डॉक्टरांनी जबडा कापून सरळ बसवला आणि उरलेले वरचे-खालचे दात तारेने एकमेकांना बांधून टाकले. काही आठवडे बोलणं बंद.

बायकोची स्मरणशक्ती अलीकडे दगा देत होती. लेकीचं नावसुद्धा निसटायचं. नवऱ्याला ओळखायला मात्र ती कधी चुकली नव्हती. आज लेक वडिलांना जिन्यापाशी सोडून औषधं आणायला गेली होती, आणि सोबतीला बसलेली शेजारीण जाता जाता सांगून गेली होती, "नळवाला येईल हं आत्ता."

"उं... उं!" साहेब म्हणाले.

"हो ना, गळतोयच."

साहेबांनी छातीवर हात आपटला.

"कळलं हो, तुम्हीच नळवाले."

त्यांनी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"ते आमचे हे. येतीलच एवढ्यात." बायकोचा चेहरा फुलला. "हसतमुख आहेत हो फार."

साहेबांनी कागदावर 'मी तुझा नवरा' असं लिहून दिलं. बिल आमच्या यांनाच दाखवा, असं म्हणून तिने तो घडी करून परत दिला आणि हातात पाना ठेवला. आता पाना घेऊन माणूस काय करणार? साहेब मुकाट ओट्याखाली शिरले, भलताच नट पिळला आणि पाण्याची चिळकांडी अंगावर घेऊन तिथेच बसले. त्यांना फार एकटं वाटलं.

तेवढ्यात खरा नळवाला आला. समोर पाणीच पाणी बघून तो धावला, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून हातातला स्क्रू त्याने ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरला. तोंड वाकडं झालं.

"आलात? किती हो उशीर!" बायकोने त्याची बाहीच पकडली. "ऑपरेशन नाही ना करून घेतलंत? बरं केलंत. मला हल्ली सगळेच परके वाटतात. तुमचं हे वाकडं हसू दिसलं की कळतं, मी माझ्याच घरात आहे."

नळवाल्याने स्क्रू काढला. "अहो आजी, मी..."

तोंड सरळ झालं. बायको दचकून भिंतीला टेकली. "कोण तुम्ही? आमचे हे कुठे गेले?"

ओट्याखालून साहेब ओलेचिंब बाहेर आले. त्यांनी आधी फोटोकडे, मग स्वतःकडे बोट दाखवलं. मग नळवाल्यापुढे हात जोडले आणि त्याच्या मुठीतल्या स्क्रूकडे खूण केली.

नळवाला फोटोकडे बघत राहिला. मग त्याने स्क्रू पुन्हा ओठांत धरला.

"हां, हे बघा, इथेच तर आहात!" बायको सुटकेने हसली. मग साहेबांकडे बघत तिने नळवाल्याच्या कानाशी आवाज खाली आणला. "अहो, यांना काही बोलू नका हं. नळ जमला नाही म्हणून रडतायत बिचारे."